पेटी कोणी आणली यावरून मत बाद होतं का? (न्यूयॉर्क, 1792)

न्यूयॉर्क राज्यात 1792 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि जूनमध्ये निकाल लागला तेव्हा जॉर्ज क्लिंटनची 8,440 आणि जॉन जेची 8,332 मतं जाहीर झाली, फरक फक्त 108 चा. चुरशीची झाली, संपला विषय, असं वाटेल. पण तीन काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांची) मतं मोजलीच नव्हती. ऑट्सीगो, टायोगा आणि क्लिंटन (हो, गव्हर्नरच्याच नावाची काउंटी). तिथे मतदान झालं होतं, चिठ्ठ्या पेटीत पडल्या होत्या, पेट्या राज्याच्या सेक्रेटरीच्या ऑफिसपर्यंत पोचल्याही होत्या, आणि तिथे मोजायला बसलेल्या समितीने बहुमताने ठरवलं की या पेट्या ज्या माणसांच्या हातून आल्या ती माणसं कायद्यात बसत नाहीत, सबब आतली मतं धरायची नाहीत. एकट्या ऑट्सीगोत जॉन जेला चारेकशेचं मताधिक्य असेल असा त्या वेळचा सगळ्यांचा अंदाज होता. 108 समोर चारशे ठेवून बघा.

मग त्या चिठ्ठ्या जाळल्या. मोजणी झाली की चिठ्ठ्या नष्ट करायच्या असा कायदाच होता, त्यामुळे मोजलेल्याही जळल्या आणि न मोजलेल्याही. म्हणून त्या तीन काउंट्यांमधल्या लोकांनी नक्की कोणाला निवडलं होतं हे आज जगातली कुठलीही लायब्ररी सांगू शकत नाही.

मला हे प्रकरण खूप महत्त्वाचं वाटतं आणि ते अमेरिकेचं जुनं काहीतरी म्हणून नाही, तर मत नेमकं कोणाचं असतं हा प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपात फार कमी वेळा समोर येतो म्हणून. मत दिलेल्या माणसाचं असतं की ते गोळा करून आणणाऱ्या सरकारी माणसाचं? माझं मत सरळ आहे, त्या समितीने चुकीचं केलं, आणि कायद्याचा शब्द त्यांच्या बाजूने होता असं जरी धरलं तरी चुकीचं केलं. ते का, हे नीट सांगतो, कारण दुसऱ्या बाजूला पण दम आहे आणि तो झाकून ठेवून बोलण्यात अर्थ नाही.

आधी माणसं. क्लिंटन 1777 पासून सलग गव्हर्नर होता, राज्याचा पहिलाच गव्हर्नर, लहान शेतकऱ्यांमध्ये त्याचं वजन मोठं. जॉन जे तेव्हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश होता, देशाचा पहिला, आणि त्या खुर्चीवर असतानाच तो उभा राहिला, तेव्हा त्यात कोणाला फार वावगं वाटत नसे. न्यूयॉर्कची 1777 ची राज्यघटना मुख्यत्वे त्यानेच लिहिलेली, ही गोष्ट पुढे लागणार आहे. 1789 मध्ये क्लिंटन रॉबर्ट येट्सविरुद्ध 429 मतांनी कसाबसा जिंकला होता, म्हणजे पाया हलायला लागलाच होता. त्यात 1791 ची जमीनविक्री आली, अलेक्झांडर मॅकोम्ब नावाच्या व्यापाऱ्याला राज्याने 36 लाख एकरांहून जास्त जमीन एकरी आठ पेन्सने देऊन टाकली, आणि लोक विचारायला लागले की हा भाव कोणी ठरवला. उलट बाजूने जॉन जेवर हल्ला होत होता गुलामगिरीवरून. 1785 मध्ये निघालेल्या गुलाममुक्तीच्या संस्थेचा तो अध्यक्ष राहिलेला, आणि हडसनच्या खोऱ्यातल्या डच शेतकऱ्यांच्या घरात गुलाम होते, त्यांना सांगितलं जायचं की हा आला तर तुमची माणसं काढून घेईल. त्याच्या स्वतःच्या घरातही गुलाम होते हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र खोटं होईल.

आणि मतदार कोण? सगळे नाही. गव्हर्नरसाठी मत द्यायला कर्ज वजा जाता 100 पौंडांची स्वतःच्या मालकीची जमीन लागायची. म्हणून 1790 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 3 लाख 40 हजार आणि मोजलेली एकूण मतं 16,772. बायका नाहीत, कुळं नाहीत, 21 हजारांवर गुलाम तर नाहीतच. म्हणजे ज्यांना मत होतं ते आधीच मूठभर, आणि त्या मुठीतलीही तीन बोटं कापली.

आता नक्की काय झालं ते. कायदा असा होता की गावागावातल्या निरीक्षकांनी चिठ्ठ्या सीलबंद करून काउंटीच्या शेरीफकडे (तिथला कायदा-सुव्यवस्था बघणारा मुख्य अधिकारी) द्यायच्या, शेरीफने सगळ्या एका पेटीत घालून स्वतः किंवा आपल्या डेप्युटीमार्फत सेक्रेटरीकडे पोचवायच्या, आणि मग राज्याच्या दोन्ही सभागृहांनी नेमलेल्या समितीने त्या उघडून मोजायच्या. ऑट्सीगो ही काउंटी 1791 मध्येच निघालेली, पश्चिमेला, जंगल तोडून वसवलेली. तिथला शेरीफ रिचर्ड स्मिथ, त्याची एक वर्षाची मुदत फेब्रुवारीत संपली होती. नवा शेरीफ बेंजामिन गिल्बर्ट मार्चअखेर नेमला गेला, पण त्याने शपथ घेतली ती पेटी निघून गेल्यानंतर, मे महिन्यात. मग मधल्या काळात शेरीफ कोण? काम तर करायलाच हवं, म्हणून स्मिथने पेटी गोळा केली आणि डेप्युटीबरोबर पाठवली. त्यात अजून एक गुंता, स्मिथ दरम्यान आपल्या गावाचा सुपरवायझर म्हणून निवडून आला होता, आणि घटनेत लिहिलं होतं की शेरीफ एकाच वेळी दुसरं कुठलंही पद घेऊ शकत नाही.

टायोगाची गोष्ट तर वाचून वाईट वाटतं. शेरीफने नेमलेला माणूस पेटी घेऊन निघाला, वाटेत आजारी पडला, त्याने ती आपल्या कारकुनाकडे दिली आणि कारकुनाने इमानदारीत नेऊन पोचवली. आजारी पडला हा गुन्हा! क्लिंटन काउंटीत, तिकडे लेक शॅम्प्लेनच्या काठाला, शेरीफने पेटी एका माणसाकडे दिली पण त्याला डेप्युटी म्हणून लेखी नेमणूक दिली नाही. एवढंच.

समितीत मतभेद झाले, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय सिनेटमधल्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांना सल्ला विचारला, रूफस किंग आणि एरन बर. दोघंही नामांकित वकील. किंग म्हणाला मोजा, कारण जुना शेरीफ नवीन येईपर्यंत प्रत्यक्षात काम बघतच असतो आणि त्याने जनतेसाठी केलेलं काम ग्राह्य धरावं हा इंग्लंडपासून चालत आलेला कायदा आहे. बर म्हणाला धरू नका, मुदत म्हणजे मुदत, न्यूयॉर्कच्या घटनेने, म्हणजे जॉन जेनेच लिहिलेल्या घटनेने, शेरीफ दरवर्षी नेमायचा असं सांगितलंय, त्यानंतर स्मिथ हा साधा नागरिक. समितीतले सात जण बरच्या बाजूने गेले, चार जणांनी विरोध नोंदवला. सातही जण क्लिंटनच्या गोटातले.

आता बरचा मुद्दा उडवून लावायचा नाही, कारण पेटी कोणाच्या ताब्यात होती ही गोष्ट खरंच क्षुल्लक नसते. कोणीही यावं आणि पेटी आणून ठेवावी आणि म्हणावं हे घ्या ऑट्सीगोचं मतदान, असं चालू दिलं तर उद्या कोणीही कोणाच्याही नावाने पेटी भरून आणेल, ताब्याची साखळी हवीच. आणि ऑट्सीगोबद्दल संशयाला कारणही होतं. तिथला काउंटी जज्ज विल्यम कूपर, कूपरस्टाउन वसवणारा, तिथल्या बहुतेक लोकांनी याच्याकडूनच हप्त्यांवर जमीन घेतलेली, म्हणजे मतदार हे त्याचे कर्जदार, आणि हा माणूस जॉन जेचा कट्टर प्रचारक. त्याने लोकांना दमदाटी केली, जमिनीचे कागद पूर्ण न झालेल्यांनाही मतदानाला उभं केलं, अशी तक्रार पुढे असेंब्लीपर्यंत गेली, तिथे ती टिकली नाही ही वेगळी गोष्ट. मला स्वतःला वाटतं की कूपरचं वागणं स्वच्छ नसणार. ज्याच्याकडे तुमच्या शेताचा कागद अडकलाय त्याने येऊन मत कोणाला देताय विचारलं की ते विचारणं राहत नाही.

पण बघा, समितीने या कारणावरून पेटी बाद केली नाही. दमदाटी झाली का, बोगस मतदान झालं का, सील फुटलेलं होतं का, चिठ्ठ्या बदलल्या का, यातलं काहीही त्यांनी निर्णयाचं कारण म्हणून दिलं नाही. कारण दिलं ते शेरीफच्या कागदाचं. म्हणजे जो प्रश्न खरोखर मताच्या खरेपणाशी जोडलेला होता तो बाजूला राहिला आणि ज्याचा मतदाराशी काडीचा संबंध नाही त्यावरून मत गेलं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ताब्याची साखळी कशासाठी असते? चिठ्ठी बदलली गेली नाही हे कळावं म्हणून. ती बदलली गेली नाही हे दुसऱ्या मार्गाने कळत असेल, सील शाबूत असेल, आणणारा माणूस समोर उभा राहून शपथेवर सांगत असेल, तर साखळीचं काम झालेलं आहे. ते झाल्यावरही साखळीतली एक कडी गंजलेली होती म्हणून आतलं सगळं फेकून द्यायचं, म्हणजे कुलूप जुनं निघालं म्हणून धान्याचं कोठार पेटवून देणं.

मी दोनदा इलेक्शन ड्युटी केली आहे, एकदा केंद्राध्यक्ष म्हणून, त्यामुळे हे जरा अंगावरच येतं. दिवसभर मतदान घेऊन संध्याकाळी पोलिंग एजंटांच्या सह्या, सील, लिफाफे, फॉर्म, आणि मग रात्री उशिरापर्यंत मशीन जमा करायच्या रांगेत उभं राहायचं, डोळे मिटत असतात आणि एखादा लिफाफा राहतो, एखादी सही सुटते, सगळ्यांचं होतं. तेव्हा मनात हीच भीती असते की माझ्या चुकीची शिक्षा त्या सकाळी सातला काठी टेकत आलेल्या आजीला व्हायला नको. तिने तर काहीच चुकवलं नाही ना. आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 100 मध्ये हाच विचार आलाय, नियम पाळला गेला नाही एवढ्यावर निवडणूक रद्द होत नाही, त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या कोर्टांनीही पुढच्या काळात साधारण हीच वाट धरली, की काही नियम मतदारासाठी असतात आणि काही अधिकाऱ्यासाठी, अधिकाऱ्याने त्याचा नियम मोडला तर अधिकाऱ्याला धरा, मताला हात लावू नका. 1792 मध्ये ही फोड इतकी स्पष्ट झालेली नव्हती हे मान्य, पण किंगच्या उत्तरात तिचं बी होतं, त्यामुळे "तेव्हा कोणाला सुचलंच नव्हतं" असं म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात जास्त खटकणारी. शेरीफ नेमायचं कोणी? न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी कौन्सिल ऑफ अपॉइंटमेंट होतं, म्हणजे नेमणुका करणारं मंडळ, त्यात राज्याच्या सिनेटमधले चार सेनेटर आणि अध्यक्ष म्हणून स्वतः गव्हर्नर. म्हणजे ऑट्सीगोत फेब्रुवारी ते मार्चअखेर शेरीफचं पद रिकामं राहिलं असं जर म्हणायचं असेल, तर ते रिकामं राहिलं त्याची जबाबदारी ज्या टेबलावर येते तिथे जॉर्ज क्लिंटनच बसलेला होता. नेमणूक उशिरा झाली सरकारकडून, आणि त्या उशिराचा फायदा झाला सरकार चालवणाऱ्याला. मी असं म्हणत नाही की त्याने मुद्दाम केलं, तसा पुरावा माझ्यासमोर नाही, नवा शेरीफ लवकर शपथ घ्यायला आला नाही याचा दोष ऑट्सीगोतल्या लोकांकडेही जाऊ शकतो. पण स्वतःच्या ऑफिसच्या ढिलाईचा फायदा स्वतःलाच मिळत असेल तर माणसाने तो घेऊ नये, हे कळायला वकील लागत नाही. तेव्हाचा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन राजकारणात क्लिंटनच्या बाजूला झुकलेला होता, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे एका पक्षाचे, त्यांच्या मंडळींशी त्याचं जमत नव्हतं, तरी त्याने खाजगी पत्रात लिहिलं की बहुमत विरोधात असण्याची शक्यता असताना पद धरून ठेवणं हे मानाचं नाही. आपल्याच बाजूच्या माणसाने हे लिहिलं याला मी जास्त किंमत देतो.

क्लिंटनने पद धरून ठेवलं. नव्या असेंब्लीने नंतर चौकशी केली आणि समितीने काही गैर केलं नाही असा ठराव बहुमताने झाला. समितीचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक असं कायद्यात लिहिलेलंच होतं, म्हणजे दाद मागायला जागाच नव्हती.

आणि लोक चिडले होते, खरंच चिडले होते. गावोगावी सभा झाल्या, ठराव झाले. जॉन जे तेव्हा सरन्यायाधीश म्हणून व्हरमाँटकडे दौऱ्यावर होता, परतीच्या वाटेवर जिथे जाईल तिथे लोक जमा होऊन त्याला खरा गव्हर्नर म्हणत होते. काही जण थेट बळ वापरून निकाल उलटवायच्या गोष्टी करत होते. लक्षात घ्या, देशाची नवी घटना लागू होऊन तीनच वर्षं झालेली, इंग्रजांशी बंदुका घेऊन लढलेली माणसं अजून चाळिशीत होती, बंदूक उचलणं त्यांना परकं नव्हतं. तिथे हॅमिल्टनने, जो एरवी शांत बसणाऱ्यातला नव्हता, आपल्या माणसांना कळवलं की घटना आणि कायदा यांच्याबाहेरच्या कुठल्याही मार्गाने हा निर्णय उलटवायला जाणं योग्य नाही. आणि जॉन जेने बायकोला, सॅराला, पत्रात लिहिलं की थोड्याच वर्षांत आपण सगळेच मातीत जाणार, तेव्हा राज्यावर राज्य केलं यापेक्षा स्वतःवर केलं हेच माझ्या लेखी मोठं ठरेल. एखाद्याला हे पुस्तकी वाटेल, पण ज्याच्या हातातली निवडणूक आठवड्यापूर्वी गेली त्याने बायकोला लिहिलेलं आहे हे, भाषण नाही.

इथे मी थोडा अडखळतो. कारण माझं म्हणणं जर असं आहे की मत हे मतदाराचं असतं, तर अन्याय ऑट्सीगोच्या मतदारावर झाला, जॉन जेवर नाही किंवा निदान आधी त्याच्यावर नाही. मग जॉन जेला तो अन्याय पोटात घालायचा अधिकार कोणी दिला? उमेदवार मोठ्या मनाने गप्प बसला की मतदाराची तक्रार मिटते का? मला वाटतं नाही मिटत. पण दुसऱ्या बाजूला हेही दिसतं की त्या वेळी दुसरा रस्ता होता तो रस्त्यावरच्या मारामारीचा, आणि एकदा निकाल मारामारीने लागायला लागले की ऑट्सीगोच्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीला पुन्हा कधीच किंमत आली नसती. म्हणून तो गप्प बसला ते बरोबर केलं, असं मी म्हणतो, पण सुखाने नाही म्हणत.

1795 मध्ये पुढची निवडणूक आली, क्लिंटन उभाच राहिला नाही, आणि जॉन जे इंग्लंडशी तहाची बोलणी करायला लंडनला गेलेला, अजून परतलाही नव्हता, तेव्हा इकडे रॉबर्ट येट्सला हरवून निवडून आला, प्रचाराला हजर नसताना. सहा वर्षं गव्हर्नर राहिला. 1799 मध्ये त्याच्याच सहीने गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा झाला, त्यात 4 जुलै 1799 नंतर जन्मलेलं मूल मोठेपणी मोकळं होणार होतं, मुलगा 28 व्या वर्षी आणि मुलगी 25 व्या. फार सावकाश, पण झाला. 1792 मध्ये ज्या भीतीने त्याची मतं तोडायचा प्रयत्न झाला होता ती गोष्ट त्याने केलीच.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आठवतो तो 1800 चा मे महिना. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर, राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे न्यूयॉर्कचे 12 प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, राज्याची विधानसभा निवडणार, आणि तिच्या निवडणुकीत बरने शहरात घराघरात फिरून अशी बांधणी केली की हॅमिल्टनचा पक्ष हरला. नवी विधानसभा बसायला अजून अवकाश होता. हॅमिल्टनने, हो त्याच हॅमिल्टनने, गव्हर्नर जॉन जेला पत्र लिहिलं की जुनी विधानसभा तातडीने बोलवा आणि इलेक्टर निवडायची पद्धतच बदलून टाका, थेट लोकांनी जिल्ह्याजिल्ह्यातून निवडावे असं करा, अशा वेळी फार सोवळेपणा बरा नाही. यात बेकायदा काहीच नव्हतं. गव्हर्नरला अधिवेशन बोलवता येत होतं, विधानसभेला पद्धत बदलता येत होती, आणि वर बघा, बदल तर लोकांना थेट मत देण्याचाच होता, ऐकायला किती छान. आणि ते 12 इलेक्टर किती मोलाचे होते तर शेवटी दुसऱ्या पक्षाचे जेफरसन आणि बर प्रत्येकी 73 वर आले आणि हॅमिल्टनच्या पक्षाचा, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स 65 वर राहिला. जॉन जेने ते पत्र बाजूला ठेवलं आणि त्याच्यावर लिहून ठेवलं की हा पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला उपाय आहे आणि तो करणं मला शोभणार नाही.

काही जण यावरून असं म्हणतील की बघा, शेवटी माणूस चांगला असला की झालं. मला ते पटत नाही. 1792 च्या सात जणांमध्ये मेलँक्टन स्मिथ होता, 1788 मध्ये राज्याच्या अधिवेशनात नव्या राष्ट्रीय घटनेवर सगळ्यात अभ्यासपूर्ण टीका त्यानेच केली आणि शेवटी पटल्यावर स्वतःच्या गटाचा रोष घेऊन तिच्या बाजूने मत दिलं, त्याला बदमाश म्हणायची माझी हिंमत नाही. तो खोलीत बसला होता तरी सात-चार झालं. कारण कायद्याने त्या खोलीत पक्षाची माणसं बसवली होती, त्यांचा शब्द शेवटचा ठरवला होता, वर दाद नव्हती, आणि काम झालं की चिठ्ठ्या जाळायला सांगितल्या होत्या. यातली एक जरी गोष्ट वेगळी असती, समजा ऑट्सीगोची पेटी वेगळी मोजून आकडा नुसता लिहून ठेवला असता आणि ग्राह्य धरायचा की नाही हे नंतर दुसऱ्या कोणी ठरवलं असतं, तर निदान आकडा तरी राहिला असता. आधी मोजा, मग भांडा. त्यांनी भांडण आधी मिटवलं आणि आकडा जाळला, आणि ऑट्सीगोतल्या ज्या माणसाने एप्रिलच्या चिखलातून चालत जाऊन चिठ्ठी टाकली त्याला आपण जिंकलो की हरलो हे मरेपर्यंत कळलं नाही.